विज्ञानाची गंमत : कोरडा क्षार आणि घमेल्यांची रांग

बारामती तालुक्यातलं सुपे म्हटलं, की मयूरेश्वर अभयारण्यातले चिंकारा आठवतात. या वेळी मात्र सुप्याहून आठवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती विचारते, "मिठाच्या पाण्यातून वीज जाते, कोरड्या मिठातून जात नाही, हे प्रयोगात पाहिलं. मग कुठल्याच कोरड्या क्षारातून वीज जात नाही का?"

शाब्बास! उत्तर आहे : काही क्षारांतून जाते, तेही न वितळता!

तारेतून वीज वाहते तेव्हा इलेक्ट्रॉन धावतात. मिठाच्या पाण्यात आयन धावतात. कोरड्या मिठातही आयन असतातच, पण प्रत्येक जण आपल्या जागी घट्ट बसलेला.

आता भेटा सीझियम हायड्रोजन सल्फेटला. सल्फ्युरिक आम्लात दोन हायड्रोजन असतात. एकाची जागा सीझियमने घेतली, दुसरा तसाच राहिला, की हा पांढरा क्षार तयार होतो. (आपला खायचा सोडाही असाच, कार्बोनिक आम्लातला एक हायड्रोजन गेलेला, एक उरलेला!) आम्लाचा गुण शिल्लक असल्यामुळे त्याला 'घन आम्ल' म्हणतात. उरलेल्या हायड्रोजनचा प्रोटॉन दोन सल्फेट गटांना जोडून बसलेला असतो.

हा क्षार सुमारे १४१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवला, की त्याच्या स्फटिकाची रचना बदलते आणि त्यातून वीज एकदम हजार पटींहून जास्त सहज वाहू लागते! सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये हे दाखवून दिलं.

असं का होतं? घराचा स्लॅब पडताना पाहिलाय ना? माणसं रांगेत उभी असतात. एकाकडून घमेलं घ्यायचं, वळायचं, पुढच्याच्या हाती द्यायचं. माणसं जागा सोडत नाहीत, घमेलं मात्र थेट वर पोहोचतं. सल्फेट गट म्हणजे ही माणसं आणि प्रोटॉन म्हणजे घमेलं. थंड स्फटिकात माणसं ताठ उभी, म्हणून घमेलं अडलेलं. तापल्यावर सल्फेट गट जागच्या जागी भराभर फिरू लागतात आणि प्रोटॉन हातोहात पुढे सरकतो.

तुम्ही म्हणाल, एवढंसं कुणी पाहिलं? क्ष-किरणांनी स्फटिकातले अणू कुठे आहेत ते कळतं. पण क्ष-किरण इलेक्ट्रॉनवरून विखुरतात आणि हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉन एकच! तो जेमतेमच दिसतो. न्यूट्रॉन मात्र अणुकेंद्रावरून विखुरतात, म्हणून त्यांना हायड्रोजन चांगला सापडतो. मुंबईत तुर्भे इथे भाभा अणुसंशोधन केंद्रात राजगोपाल चिदंबरम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनांनी स्फटिकांतले हायड्रोजन शोधले. तिथली 'ध्रुव' अणुभट्टी १९८५ पासूनची.

दुसरी युक्ती आपल्या सी. व्ही. रामन यांची. स्फटिकावर एकरंगी प्रकाश टाकला, की विखुरलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून येतो. अणू कसे थरथरताहेत, हे त्या बदललेल्या रंगांवरून कळतं. क्षार तापवताना वर्णपटातल्या रेषा बदलल्या, की समजायचं, रांग हलू लागली! रामन यांचा शोध २८ फेब्रुवारी १९२८ चा. म्हणून तर त्या दिवशी आपण विज्ञान दिन साजरा करतो.

याचा उपयोग काय? इंधनघटात एका बाजूला हायड्रोजन, दुसरीकडे ऑक्सिजन. मधल्या पडद्यातून फक्त प्रोटॉन जातात, इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेने फिरून येतात. वीज मिळते, धूर नाही, उरतं फक्त पाणी. इथिओपियात जन्मलेल्या सोसिना हेली यांनी अमेरिकेत २००१ मध्ये याच क्षाराचा पडदा वापरून असा घट चालवला.

पण गंमत पाहा. घटात तयार होतं पाणी आणि हा क्षार पाण्यात विरघळतो! म्हणून घट इतका गरम ठेवावा लागतो, की पाण्याची वाफच राहावी. बंद करून थंड केला, की पुन्हा पंचाईत. पुढे हेली यांनी सीझियमचाच फॉस्फेट क्षार घेतला. तोही पाण्यात विरघळतोच. पाण्याला न भिणारा असा क्षार हवा आहे. सुप्याच्या मैत्रिणी, तू शोधशील?

करून पाहा : आईबाबांच्या मदतीने गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी घाला. पाणी गाळून घ्या. तुरटीचा एक बारीक खडा दोऱ्याला बांधून गार झालेल्या पाण्यात लोंबता ठेवा. भांडं हलवू नका. काही दिवसांनी खड्याला किती सपाट बाजू आल्या ते मोजा आणि आम्हाला कळवा!