बेरजेने मूल बाळसे धरत नाही

महाराष्ट्रातली मुले कशी आहेत ते एका आकड्यात सांगता आले पाहिजे, असे प्रतिपादन एका विद्वान गृहस्थांनी अलीकडे केले आहे. लसीकरण, वजन, उंची, रक्त, शाळेतली हजेरी, बालविवाह असे वीसेक घटक घ्यायचे, शंभराच्या मापात बसवायचे, सरासरी काढायची आणि जिल्ह्यांना क्रमांक द्यायचे. पहिल्याला ढाल, शेवटच्याला नोटीस. मंत्र्यांना वेळ नसतो, वार्ताहरांना धीर नसतो, म्हणून आकडा एकच हवा. मंत्र्यांच्या वेळेची ही काळजी पाहून गहिवरून येते.

आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या (2015-16) आणि पाचव्या (2019-21) फेरीतले महाराष्ट्राचे आकडे पाहू. एक ते दोन वर्षांच्या मुलांचे पूर्ण लसीकरण सुमारे 56 टक्क्यांवरून 73.5 टक्क्यांवर गेले. उत्तम. त्याच अवधीत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमधला रक्तक्षय 53.8 वरून 68.9 टक्क्यांवर पोहोचला. गृहस्थांच्या यंत्रात दोन्ही टाका, समान भार द्या, आणि बाहेर काय येते? ‘किंचित प्रगती’. दहांतल्या जवळजवळ सात मुलांच्या अंगात पुरेसे रक्त नाही, आणि राज्य मात्र पुढे चालले आहे! गोवराची लस टोचल्याने हिमोग्लोबिन वाढते, असे वैद्यकाने अजून तरी म्हटलेले नाही. आपल्या दहावीच्या परीक्षेतसुद्धा मराठीतले ऐंशी गुण गणिताला उसने देता येत नाहीत. ती सवलत फक्त पाच वर्षांखालच्या मुलांसाठी राखून ठेवलेली दिसते.

यावर उत्तर तयार असते : भार कमीजास्त करू, रक्ताला जास्त देऊ. द्या की! पण एका मुलाचे रक्त किती लशींच्या बरोबरीचे, हे कोणी ठरवायचे? ते ठरवणारी समिती मुंबईत बसणार, आणि तिचा निर्णय दशांश चिन्हाआड गेला की शास्त्र म्हणून मिरवणार. दुसरे उत्तर असे, की बोटातून घेतलेल्या रक्ताच्या चाचणीबद्दल जाणकारांतच वाद आहे. असेल. पण हा वाद उभा राहिला तोच मुळी तो आकडा वेगळा छापला गेला म्हणून. बेरजेत विरघळलेल्या आकड्यावर वाद कोण घालणार?

बेरीज सोडा, एकाच घटकाचे पाहा. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुले दोन्ही फेऱ्यांत 25.6 टक्केच. वाटेल, काहीच हलले नाही. पण त्यातल्या तीव्र कुपोषित मुलांचे एकूण मुलांतले प्रमाण 9.4 वरून 10.9 टक्क्यांवर गेले. एका घटकाच्या पोटात एवढे दडते, तर वीस घटकांच्या पोटात काय काय मावेल?

बाकी आक्षेप थोडक्यात. ज्या अंगणवाडी सेविकेला घटलेल्या वजनाचा जाब विचारणार, तिच्याच हाती वजनकाटा देऊ नये. दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर गेलेली मुले कोणत्या जिल्ह्याच्या खात्यात, ते आधी सांगावे.

असले वाद आपल्याकडे नवे नाहीत. परदेशी मापांनी आपली मुले मोजू नका, आपली माणसे मुळातच लहान चणीची, हे एकेकाळी मोठ्या अभिमानाने सांगितले जाई. जागतिक आरोग्य संघटनेची 2006 ची वाढीची मापे ज्या सहा देशांतल्या मुलांवरून बेतली, त्यांत भारतही होता. दिल्लीतल्या खात्यापित्या घरांतली मुले त्यासाठी मोजली होती. पुरेसे खायला मिळाले की आपलीही मुले वाढतात, एवढाच त्याचा अर्थ. मेळघाटातल्या बालमृत्यूंबद्दल तर ‘कुपोषणाने नव्हे, न्यूमोनियाने’ हे वाक्य अजून निवृत्त झालेले नाही. उपाशी मुलाला न्यूमोनिया झेपत नाही, हे त्या वाक्यात बसत नसावे. ही सगळी खटपट मूल बरे करण्याची नाही, आकडा बरा दिसावा याची आहे. एकच निर्देशांक हे तिचे संगणकावर टंकलेले रूप.

मग मोजायचेच नाही? मोजायचे, पण थोडे आणि वेगवेगळे. तीव्र कुपोषण, रक्तक्षय, बालमृत्यू आणि वाचता येणे हे चार आकडे शेजारी शेजारी छापावेत, त्यांची बेरीज करण्यास मनाई असावी. आकडे तालुक्याचे हवेत. जिल्ह्याच्या सरासरीत डोंगरातला धडगाव आणि सपाटीवरचा शहादा हे तालुके एकच होऊन जातात. अंगणवाडीतल्या काही वजनांची फेरमोजणी दुसऱ्या खात्याने करावी. कुटुंब हलले तर मुलाची नोंद त्याच्याबरोबर हलावी. यातून चकचकीत नकाशा निघणार नाही. पण अंडी कोणत्या तालुक्यात पाठवायची आणि परिचारिका कोणत्या, एवढे नक्की कळेल.