फुकटच्या खेळाची किंमत

कार्यकर्त्यांच्या बैठकीत पीकविम्याचा प्रश्न निघतो, मांजरा धरणाच्या पाण्याचा निघतो, ऊसतोडीच्या दराचा निघतो. तीन-चार वर्षांच्या मुलाने मोबाईलवर कोणता खेळ खेळावा, हा प्रश्न निघत नाही. तो घरातला, आणि तोही सुखवस्तू घरातला प्रश्न आहे, असे पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटते. धाराशिव जिल्ह्यातील कळंबसारख्या तालुक्याच्या गावी जरा डोळे उघडे ठेवून हिंडले, तरी ही समजूत किती अपुरी आहे ते ध्यानात येते. एसटी स्थानकावर, दवाखान्याच्या ओट्यावर, बाजारात भाजीच्या पाटीमागे बसलेल्या लेकराच्या हातात फोन असतो. ज्या घरात गोष्टीचे एकही पुस्तक नाही, त्या घरातही तो असतो. ग्रामीण भारतातील १४ ते १६ वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे ‘असर’ या पाहणीच्या २०२४ सालच्या अहवालाने नोंदविले आहे. आधीच्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी फोन वापरल्याचे सांगणारी मुले होती सुमारे ५७ टक्के. समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे सांगणारी सुमारे ७६ टक्के. ही मोठ्या मुलांची आकडेवारी आहे. पण घरातला फोन बहुधा एकच असतो, आणि थोरल्याच्या हातून सुटला की तो धाकट्याच्या हाती जातो.

तो का जातो, याचा विचार केल्याविना आपण आईला उपदेश करू लागतो. दसरा-दिवाळी झाली की या भागातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे कारखान्याच्या हिशेबात एक ‘कोयता’ असते. त्या कोयत्यामागून जाणारे मूल कोणत्याच हिशेबात नसते. आई-बाप पहाटेच्या अंधारात फडात उतरतात आणि लेकरू कोपीत थोरल्या बहिणीच्या हवाली राहते. जी आई गावातच राहून रोजंदारी करते, तिलाही चूल पेटवून भाकरी थापेपर्यंत मुलाला कोठे तरी गुंतवून ठेवावेच लागते. पाळणाघर नाही, अंगणवाडी अर्ध्या दिवसाची. अशा घरात फोन हे सर्वांत स्वस्त पाळणाघर झाले आहे. तेव्हा ‘मुलाला मोबाईल देऊ नका’ एवढेच सांगणे म्हणजे ज्याच्या घरी विहीर नाही त्याला गाळलेले पाणी प्या म्हणून सांगण्यासारखे आहे.

याचा अर्थ मर्यादा नकोत असा मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की, दोन वर्षांखालील बालकाला पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एक तासाहून अधिक नव्हे. त्याहून कमी असेल तर उत्तमच. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाही सल्ला साधारण असाच आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली सायंकाळी भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवण्याचा निर्णय केला. आपल्याच जिल्ह्यात उमरगा तालुक्यातील जकेकूरवाडीनेही तसाच मार्ग धरला. गावाने मिळून केलेला निर्णय म्हणून या उपक्रमांचे मोल मोठे आहे, कारण तेथे एकट्या आईवर भार टाकलेला नाही. परंतु वेळेची मर्यादा हा अर्धाच प्रश्न झाला. जो एक तास उरतो, त्यात मुलापुढे काय यावे? त्याचा निर्णय आज कोण करतो?

आज तो निर्णय जाहिरातदार करतो. पाच वर्षांखालील मुलांमध्ये चालणाऱ्या १३५ ॲपची तपासणी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केली. त्यांपैकी ९५ टक्के ॲपमध्ये कोणत्या ना कोणत्या प्रकारची जाहिरात आढळली. खेळ मध्येच थांबतो, चित्रफीत सुरू होते, ती बंद करण्याची फुली कोपऱ्यात बारीक असते. बाळाचे बोट पडद्यावर कोठेही पडले तरी दुसरेच दुकान उघडते. कित्येकदा खेळातील लाडके पात्रच मुलाला वस्तू विकत घ्यायला सुचविते. जाहिरात आणि गोष्ट यांतील भेद ज्याला अजून कळत नाही, त्यालाच गाठून विक्री करण्याचा हा व्यापार आहे. जे फुकट दिले आहे त्याची किंमत मूल आपल्या लक्षाने आणि कुटुंब आपल्या माहितीने चुकविते. मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा केल्याबद्दल २०१९ साली गूगल आणि यूट्यूब यांना अमेरिकेत १७ कोटी डॉलर भरावे लागले, ही गोष्ट या संदर्भात विसरता कामा नये.

पैसे मोजले म्हणजे शिक्षण मिळते, हाही भ्रमच. २०११ साली निघालेल्या बायजूज या कंपनीने २०१९ मध्ये पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी डिस्नेच्या चित्रांचे ॲप आणले. २०२२ मध्ये कंपनीचे मूल्य सुमारे २२ अब्ज डॉलर सांगितले जात होते. पालकांना कर्ज काढायला लावून अभ्यासक्रम गळ्यात मारल्याच्या तक्रारींवरून त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने कंपनीच्या प्रमुखांना पाचारण केले. आणि जुलै २०२४ मध्ये कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया दाखल झाली. मुलांचे शिक्षण हा शेअरबाजारी सट्ट्याचा विषय झाला की त्याची परिणती काय होते, हे यावरून दिसते.

येथे एक विसंगती नोंदविण्यासारखी आहे. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेत मूल खेळण्यासाठी हट्ट धरते. कारखान्यात तयार झालेल्या अशा खेळण्यावर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह असणे कायद्याने सक्तीचे आहे. खेळण्याचा रंग विषारी नसावा, त्याची कड मुलाला कापू नये, याची काळजी शासनाने वाहिली. हे योग्यच झाले. पण फोनमधील खेळण्यावर ‘शैक्षणिक’ ही चिठ्ठी कोण लावतो? ज्याने ते बनविले तोच. प्लास्टिकच्या खुळखुळ्याला तपासनीस आहे, मुलाच्या मनाशी खेळणाऱ्या खेळण्याला मात्र नाही.

तपासनीस नेमला जाईपर्यंत तपासणी आपल्यालाच करावी लागेल, आणि ती अवघड नाही. पहिली कसोटी: फोनचे नेट बंद करून ॲप उघडावे. ते चालले, तर ते आपल्या कामाचे. जाहिराती येणार नाहीत, रिचार्ज संपला तरी खेळ अडणार नाही, आणि उसाच्या फडात रेंज नसली तरी गोष्ट ऐकता येईल. दुसरी कसोटी: ते फोनकडे काय मागते? अक्षरे गिरवायला शिकविणाऱ्या ॲपला आपल्या नातेवाइकांचे नंबर आणि आपला ठावठिकाणा कशाला हवा? मागितल्यास नाकारावे, नाकारल्यावर चालत नसेल तर काढून टाकावे. तिसरी कसोटी: त्याला शेवट आहे काय? गोष्ट संपते, कोडे सुटते, गाणे थांबते. जे कधी थांबतच नाही, एकामागून दुसरे आपोआप सुरू करते, ते मुलाला शिकविण्यासाठी नव्हे तर धरून ठेवण्यासाठी रचलेले असते. चौथी कसोटी: मूल त्यात काही करते की नुसते पाहते? चित्र काढणे, आवाज ओळखणे, मोजणे, मोठ्याने वाचणे हे करणे झाले. फटाके फुटावेत आणि नाणी पडावीत म्हणून बोट आपटणे हे करणे नव्हे. पाचवी कसोटी सर्वांत महत्त्वाची: फोन खाली ठेवल्यावर मुलाजवळ बोलण्यासारखे काही उरते काय? पडद्यावरचे पान पाहून जे मूल अंगणात पाने गोळा करते, त्याचे ॲप चांगले. या विषयाच्या अभ्यासकांनीही २०१५ साली हेच सांगितले आहे की, मूल सक्रिय असावे, त्याचे चित्त विचलित होऊ नये, शिकलेल्या गोष्टीला त्याच्या जीवनात अर्थ असावा आणि त्यात माणसांचा सहवास असावा. यातील शेवटची अट कोणतेही यंत्र एकट्याने पुरी करू शकत नाही.

या कसोट्यांना उतरणारे काही आहे काय? आहे. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’मध्ये मराठीसह अनेक भाषांतील सचित्र गोष्टी खुल्या परवान्याने ठेवलेल्या आहेत, त्या उतरवून घ्याव्यात, छापाव्यात, वाटाव्यात, कोणाची परवानगी लागत नाही. खान अकादमीचे लहान मुलांसाठीचे ॲप जाहिरातींविना आणि विनामूल्य आहे, परंतु ते मुख्यतः इंग्रजीत असल्याने कळंबच्या मुलाला एकट्याने फारसे उपयोगी पडत नाही. गूगलने २०१९ साली ‘बोलो’ या नावाने आणलेले आणि पुढे ‘रीड अलाँग’ म्हणून ओळखले गेलेले ॲप मुलाचे वाचन ऐकून चुका सांगते. त्यात मराठीचीही सोय झाली आणि जाहिराती टाळून, नेटविना चालेल अशी त्याची रचना करण्यात आली. जी कंपनी जाहिरातींवर जगते तिलाही जाहिरातीविना मुलांचे ॲप बनविता येते, हे यातून सिद्ध झाले. म्हणजे इतरत्र जाहिराती असतात त्या तांत्रिक अपरिहार्यतेमुळे नव्हेत. मात्र कंपनीच्या मर्जीवर उभी असलेली शाळा कंपनीच्या मर्जीने बंदही होऊ शकते, हेही लक्षात ठेवावे.

भाषेचा मुद्दा स्वतंत्रपणे मांडला पाहिजे. बाजारात मराठी म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ ॲपमध्ये यंत्राचा आवाज हिंदी वळणाची मराठी बोलतो आणि ‘अ’ म्हणून अननस दाखवितो. ज्या मुलाने अननस पाहिलेला नाही, त्याला अक्षर आणि वस्तू दोन्ही एकाच वेळी परकी वाटतात. ‘ऊ’ म्हणजे ऊस हे मात्र त्याला सांगावे लागत नाही. घरी जी बोली मूल ऐकते, तिच्यातून अक्षराकडे जाण्याची वाट सोपी असते. ती वाट बंद करून ‘ए फॉर ॲपल’च्या दारात त्याला उभे करणे यात प्रतिष्ठा असेल, शिक्षण नाही.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने आदिवासी पाड्यांवर शिक्षण नेले. माँटेसोरींची महागडी साधने खेड्याला परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी बिया, शंख-शिंपले, पाने, माती यांची साधने केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात जाईल, हे त्यांचे सूत्र होते. आमच्याकडे चिंचोके आहेत, सागरगोटे आहेत, कडब्याच्या ताटांची बैलगाडी आहे. चांगले ॲप या खेळण्यांच्या रांगेत शेवटी बसावे. त्याने ती उठवून लावू नयेत.

शासनाची भूमिका येथे तपासली पाहिजे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांपासून अंगणवाडीची योजना सुरू झाली. आज अंगणवाडीत फोन पोहोचला आहे, पण तो मुलांसाठी नव्हे, माहिती भरण्यासाठी. २०२१ साली महाराष्ट्रातील हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारी फोन परत केले. फोन निकृष्ट होते आणि पोषण ट्रॅकर ॲपमध्ये मराठीची सोय नव्हती, ही त्यांची तक्रार होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने तीन ते आठ वयाच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ हा खेळसाहित्याचा संच जाहीर केला. तो प्रत्येक अंगणवाडीत पोहोचला काय, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी जाऊन पाहावे. सरकारी ॲप म्हणजे निर्धोक, असेही समजू नये. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ साली ४९ देशांच्या सरकारांनी शिफारस केलेली १६४ शैक्षणिक साधने तपासली. ८९ टक्के साधनांत मुलांच्या हक्कांना बाधक असा माहितीचा वापर आढळला. त्यात आपले ‘दीक्षा’ही होते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविण्यास मनाई केली आहे. हे कलम चांगले आहे. पण त्याचा अंमल सरकारी ॲपपासून सुरू व्हावा, असा आग्रह आपण धरला पाहिजे.

मागणी स्पष्ट असावी. पाठ्यपुस्तक नफेखोरांच्या हाती राहू नये म्हणून १९६७ साली बालभारती उभी राहिली. त्याच न्यायाने लहान मुलांसाठी मराठीत, जाहिरातींविना, नेटविना चालणारी, तज्ज्ञांनी तपासलेली ॲप सार्वजनिक खर्चाने तयार झाली पाहिजेत. आणि त्याहीआधी पाळणाघर हवे, पूर्ण दिवसाची अंगणवाडी हवी, फडावर मुलांची सोय हवी. पाळणाघराची जागा फोनने घेणे ही प्रगती नव्हे.

तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. टोळ्या निघण्याच्या आधीच्या आठवड्यात कळंब तालुक्यातील कार्यकर्त्यांनी गावोगाव अंगणवाडीत एक दुपार बसावे. येणाऱ्या आई-बापांच्या फोनमधील जाहिरातखोर खेळ त्यांच्या संमतीने काढावेत, पंचवीस-तीस मराठी गोष्टी आणि एखादे चांगले ॲप भरून द्यावे, आणि नेट बंद कसे ठेवायचे ते थोरल्या बहिणीला शिकवावे, कारण कोपीत तीच शिक्षिका असते. यासाठी निधी लागत नाही, वरून आदेश यावा लागत नाही. कोयत्यामागून जाणाऱ्या त्या लेकराची कोणत्याही वहीत नोंद नाही. निदान त्याच्या त्या एका तासाची नोंद जाहिरातदाराच्या वहीत होऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.