डीप ब्लूचे आख्यान आणि तळहातावरचा पट

१/ संगणकीय बुद्धिबळाचा इतिहास म्हटला की ठरलेले आख्यान सुरू होते: ११ मे १९९७, न्यूयॉर्क, डीप ब्लूकडून कास्पारोव्हचा ३½–२½ असा पराभव. आख्यान खरे आहे. परंतु तेवढाच इतिहास, हा दावा खोटा आहे. या धाग्यात त्याच दाव्याचा समाचार.

२/ आदल्याच वर्षी, १९९६ मध्ये, पाम पायलट अवतरला. १६ मेगाहर्ट्‌झचा मोटोरोला प्रोसेसर, १६० × १६० बिंदूंचा पडदा आणि दोन छोटे सेल. पट पूर्ण रुंदीभर मांडला तरी एका घराच्या वाट्याला २० × २० बिंदू. तेवढ्यात उंट आणि प्यादे वेगळे दिसायला हवेत!

३/ या चिमुकल्या जागेत पॉकेटचेस, रिचर्ड लँग यांचे चेस जीनियस, क्रिस्तोफ तेरों यांचे चेस टायगर या आज्ञावल्या नांदल्या. त्यांवरील वापरणाऱ्यांच्या अभिप्रायांना काही पंडित ‘निव्वळ कुरकुर’ म्हणून उडवून लावतात. हे अज्ञान आहे.

४/ ‘यंत्र फार वेळ घेते’ आणि ‘यंत्र कच्चे खेळते’ या दोन तक्रारी एकाच दोरीची दोन टोके आहेत. एका स्थितीत सरासरी सुमारे ३५ चाली संभवतात. अल्फा-बीटा छाटणी सर्वोत्तम चालली तरी एक चाल अधिक खोल पाहण्यास जवळजवळ सहापट वेळ लागतो. मंद प्रोसेसरवर त्याची किंमत खेळाडूचा धीर आणि सेल, दोघेही मोजतात. म्हणजे कुरकुर करणारा नकळत यंत्राची नेमकी मर्यादा नोंदवत होता.

५/ ‘खेळाडूंना फक्त बलवान यंत्र हवे होते’, हेही असत्य. १९७७ च्या चेस चॅलेंजरला एकच पातळी होती; पुढच्या प्रारूपांची नावेच चॅलेंजर ३ आणि चॅलेंजर १०. हे आकडे पातळ्यांचे! लोकांना हरवणारे यंत्र नव्हे, आपल्या तोलाचा प्रतिस्पर्धी हवा होता.

६/ प्रतिपक्षाचा सर्वांत सबळ मुद्दाही घेऊ. २००९ मध्ये ब्यूनस आयर्स येथील मेर्कोसुर चषकात पॉकेट फ्रिट्झ ४ ने मोबाइलवर चालून १० पैकी ९½ गुण मिळवले. ‘मग जुन्या तक्रारींचे मोल काय?’ उत्तर त्याच घटनेत आहे. डीप ब्लू सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. पॉकेट फ्रिट्झ ४ वीस हजारांहूनही कमी. हा विजय केवळ वेगाचा नव्हता. थोडक्यात अचूक निवडण्याचा होता. तीच निकड तळहातावरच्या यंत्राने प्रथमपासून लादली होती.

७/ इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरींपेक्षा समकालीन पत्रांना प्रमाण मानले, हे आपण अभिमानाने सांगतो. मग इथेच बखरीवर का भाळायचे? डीप ब्लूचे आख्यान ही बखर. वापरणाऱ्याचा अभिप्राय हे पत्र.

८/ अर्थात पत्रेही पारखूनच घ्यावीत. समाधानी माणूस बहुधा गप्प बसतो, चिडलेला लिहितो. पट्टीचा खेळाडू नवशिक्यापेक्षा अधिक बोलतो. पण साधन एकांगी आहे म्हणून ते फेकून देणे, ही चिकित्सा नव्हे, आळस आहे.

९/ जुनी आज्ञावली आज अनुकरणयंत्रावर पुन्हा चालवता येते. तिच्यासमोर बसलेल्या माणसाचा वैताग आणि आनंद मात्र पुन्हा निर्माण करता येत नाही. तो लिहिला गेला असेल तरच उरतो. विजेत्यांच्या मूर्ती पुष्कळ झाल्या. आता ही पत्रे जपा.