‘इंडियन जिनसेंग’ म्हणे!

चरकसंहितेत नोंदलेल्या अश्वगंधेला ‘इंडियन जिनसेंग’ म्हणून विकण्याइतकी आपली बुद्धी परप्रत्ययनेय झाली काय? दोहोंचे कूळसुद्धा एक नाही; अश्वगंधा तर वांग्याच्या कुळातली! जिनसेंगचे मूळ थंड अरण्यात पाच-सहा वर्षे पोसावे लागते. अश्वगंधा मराठवाड्याच्या कोरड्या रानात एका हंगामात हाती येते. तरी नांदेड-लातूरच्या सुशिक्षित घरांत मान महागड्या चिनी मुळीला! नांदेडात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, याचे स्मरण कोणाला?

चीनकडून घ्यायचीच तर श्रीमती तू यूयू यांची चिकाटी घ्यावी. प्राचीन ग्रंथातली वनस्पती प्रयोगशाळेत पारखून त्यांनी हिवतापावर औषध दिले. २०१५ चे नोबेल त्याचेच. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी जिनसेंग परस्पर घेऊ नये. अश्वगंधाही वैद्यांना विचारूनच. गर्भवती भगिनींनी ती टाळावीच.