भात आमचा, गिरणी कोणतीही

दिवाळीच्या फराळाबरोबर हल्ली घरोघरी एक नवा वाद वाढला जातो: संगणकावर लिहायचे ते कशात? प्रोग्रॅमिंग शिकणारे चिरंजीव एका टेक्स्ट एडिटरचे गुण गातात, मावसभाऊ दुसऱ्याचे. चकली हातात तशीच राहते आणि दोघे हातघाईवर येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, “वर्ड आहे की! त्यात काय वाईट?” वाचकहो, मला या तिन्ही पक्षांशी भांडायचे आहे.

पहिल्या दोघांचे भांडण त्यांच्या जन्माआधीचे. बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ १९७६ साली लिहिला. रिचर्ड स्टॉलमन यांचा ‘ग्नू ईमॅक्स’ १९८५ साली आला. तेव्हापासून दोघांचे भक्त शैव-वैष्णवांसारखे झगडत आहेत. २०१५ साली मायक्रोसॉफ्टचा ‘व्हीएस कोड’ अवतरला आणि तिसरा पंथ निघाला. गंमत अशी की तिघांतही निपजते ती साधी मजकुराची फाइल. एकातली दुसऱ्यात बिनतक्रार उघडते. भांडण पाट्यावरून, वाटण मात्र तेच!

वडिलांचा वर्ड अर्ज आणि निमंत्रणे सजवायला उत्तम. पण त्यात प्रोग्रॅम लिहू नये. सरळ अवतरणचिन्हांना तो न विचारता बाक देतो. आपल्या डोळ्यांना ती देखणी दिसतात. पायथॉन मात्र तिथेच अडून बसतो, आणि पोर बिचारे रात्रभर स्वतःची चूक शोधीत राहते.

खरी हानी झाली ती मराठीची. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत. तरी त्यानंतरही वर्षानुवर्षे आपण जुन्या फाँटांत लिहीत राहिलो. त्यांच्या पोटात साठत ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. फाँट त्यांना मराठीचे सोंग चढवी. फाँट गेला की सोंग उतरले. एका वाचनालयाची ग्रंथयादी अशीच गेलेली मी पाहिली आहे. नव्या संगणकावर तो फाँट नव्हता, आणि यादीच्या जागी चिन्हांचा उकिरडा उरला. रूपांतराची साधने मिळाली. पण जोडाक्षरे तपासायला शेवटी माणूसच बसवावा लागला.

आमचे घोटी हे भाताच्या बाजाराचे गाव. इगतपुरी तालुक्यातला शेतकरी भात आणतो, गिरणीत भरडतो, तांदूळ घेऊन घरी जातो. एखादा गिरणीवाला म्हणाला, “इथला तांदूळ माझ्याच चुलीवर शिजेल,” तर त्याच्या दारात पुन्हा कोणी पोते उतरवील काय? संगणकापुढे मात्र आपण हे मुकाट सोसतो.

कोणी म्हणेल, साध्या फाइलीत ठळक अक्षरे नाहीत, रंग नाहीत. नसू देत! अंगण सारवल्यावर रांगोळी काढतात, आधी नव्हे. मजकूर पुरा होऊ द्या, मग हवा तिथे नेऊन सजवा.

तेव्हा निवड करताना जाहिरात पाहू नका, कसोट्या लावा. ‘दऱ्या’, ‘कऱ्हाड’, ‘ज्ञानेश्वर’ लिहा. अक्षरे फुटता कामा नयेत आणि शोधले की शब्द सापडले पाहिजेत. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठते का, पाहा. विंडोजचा नोटपॅडसुद्धा २०१९ पासून आपण होऊन तसे करतो. मग तीच फाइल भलत्याच एडिटरमध्ये उघडा. शेवटची कसोटी खास घोटीची: इथल्या पावसात वीज सांगून जात नाही. ती परतल्यावर न साठवलेला मजकूर परत मिळतो का?

एवढ्यातून जो उतरेल तो घ्या. फुकटचा असला तरी लाजू नका. ‘व्हिम’ १९९१ पासून फुकटच मिळतो, आणि त्याचे कर्ते ब्राम मोलेनार यांनी मोबदल्यात मागितले ते एवढेच, की युगांडातल्या गरजू मुलांना जमेल ती मदत करा. कोणता पंथ जिंकतो याचे मला सोयरसुतक नाही. गिरणी कोणतीही असो. घरचा तांदूळ घरी आला पाहिजे, आणि नातवंडांच्या चुलीवरही शिजला पाहिजे.