फोटो नाकारणाऱ्या आईची फाइल

२०१९ च्या पावसाळ्यात मी मुंबईतल्या एका धर्मादाय रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम करत होते. मुलांच्या वॉर्डसाठी निधी जमवायचा होता, म्हणून एक दिवस फोटोग्राफर आला. सोबत निधी विभागाच्या बाई. सहा वर्षांच्या एका मुलीपाशी ते थांबले. रक्ताचा कर्करोग, औषधांनी केस गेलेले, डोक्याला आईनं शिवलेली टोपी. “टोपी काढा जरा,” बाई म्हणाल्या, “आणि आईनं तिच्याकडे बघायचं, कॅमेऱ्याकडे नाही.”

आई जालन्याकडची, शेतमजूर. तिनं टोपी काढली नाही. “फोटू नका काढू ताई. उंद्या पोरगी मोठी होईल, शाळेत जाईल. असं सगळ्यायनं पाहावं का तिला?”

मैत्रिणींनो, त्या वेळी मी तिची बाजू घेतली असं लिहायला मला आवडलं असतं. मी तिला बाजूला नेऊन समजावत होते. पैसे लागणार आहेत, लोक बघितल्याशिवाय देत नाहीत, तुझ्याच लेकरासाठी आहे. संमती म्हणजे काय, यावर एम.एस.डब्ल्यू.ला असताना मी पानंच्या पानं लिहिली होती. पण ज्या बाईची औषधाची चिठ्ठी तिसऱ्या दिवसापासून पदराला बांधलेली आहे, तिच्यापुढे छापील संमतिपत्र धरायचं, याला संमती म्हणायचं का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. ती बधली नाही. फोटो शेजारच्या खाटेवरच्या मुलाचा निघाला.

आता तर असे फोटो रोज आपल्या फोनवर येतात. नळ्या लावलेलं बाळ, रडणारी आई, खाली रकमेचा आकडा. बाप क्वचितच दिसतो. आईचे अश्रू जास्त पैसा आणतात, हे जाहिरात करणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. आणि ज्या मुलाचा चेहरा गोंडस नाही, ज्याच्या आजाराचं नाव सांगताना लोक नाक मुरडतात, त्याचा आकडा हलत नाही.

दानाला माझा विरोध नाही. परळचं बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय १९२९ साली दानातूनच उभं राहिलं. टाटा रुग्णालयात येणाऱ्या कित्येक कुटुंबांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेनं छप्पर दिलं आहे. २००६ पासून सेंट ज्यूड ही संस्था कर्करोगग्रस्त मुलांना आईबापांसह मोफत राहायला जागा देते. असं दान मी डोक्यावर घेईन. रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन-अडीच वर्षं चालतो. तो पुरा झाला तर आज बरीच मुलं बरी होतात. पण फुटपाथवर राहून, मजुरी बुडवून, गावी दुसरी दोन लेकरं ठेवून तो पुरा कसा करायचा? तो अर्ध्यावर सुटला की मूल हातचं जातं. मुलगी असेल तर घरचे आणखी लवकर कंटाळतात. मुळात देशातल्या मोठ्या कर्करुग्णालयांपर्यंत मुलगे जितके पोचतात तितक्या मुली पोचतच नाहीत. आजाराच्या प्रमाणात मुलगे-मुलींत थोडा फरक असतो, पण एवढा नाही.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. जे या बाईच्या हक्काचं होतं, ते तिला भीक म्हणून मागायला लावलं जात होतं. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली धर्मादाय रुग्णालयांसाठी योजना घालून दिली आहे. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. त्यासाठी रुग्णालयानं आपल्या बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायची. त्या बदल्यात या संस्था करसवलती घेतात. म्हणजे त्या मुलीची खाट कुणाच्या उपकारावर नव्हती. आमच्याकडे या योजनेचा फलक होता, पण जिन्याखाली. निधी विभागाचं पोस्टर मात्र दारातच.

मग आम्ही अर्ज केला, तर कागद आडवे आले. पिवळं रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हवा. नवऱ्यानं तिला मुलगी आजारी पडल्यावर टाकलेलं. तिचं आणि मुलीचं नाव सासरच्या कार्डावर. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं घरातली सर्वांत मोठी बाई रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख ठरवली, याचा आपण आनंद केला होता. इथे ती सर्वांत मोठी बाई म्हणजे सासू, आणि सासू कार्ड देईना! टाकलेल्या बाईचं कुटुंब कोणतं, हा प्रश्न आपण परित्यक्तांच्या मोर्च्यांपासून विचारत आलो आहोत. तोच प्रश्न मला मुलांच्या वॉर्डात भेटेल, असं वाटलं नव्हतं.

म्हणून आपल्या गटांना एक सुचवते. गावातल्या लेकराला मोठा आजार निघाला की आपणही चटकन फोटो काढून मदतीचं आवाहन पुढे पाठवतो. मीही पाठवलेत. त्याआधी आईला विचारा, कार्ड कुणाच्या नावावर आहे, दाखला आहे का. रुग्णालय धर्मादाय आहे का ते पाहा. असेल तर तिथल्या समाजसेवकाकडे निर्धन रुग्ण निधीचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. नकार आला तर तोही लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जा, पण त्या बाईला एकटीला पाठवू नका. पैसे जमवायचेच असतील तर येण्याजाण्याच्या भाड्यासाठी, बुडालेल्या मजुरीसाठी जमवा. हा भार योजनांतून पुरता भागत नाही. मुलाचा चेहरा न दाखवता हे होतं का, हे आपण करून बघायला हवं. मी अजून दोनदाच करून पाहिलं आहे, एकदा जमलं.

त्या बाईच्या दाखल्यासाठी शेवटी तिच्या तालुक्यातल्या महिला मंडळाची एक कार्यकर्ती तहसील कचेरीत चार दिवस जाऊन बसली. वेगळ्या राहणाऱ्या बाईचं वेगळं उत्पन्न, असा दाखला अकराव्या दिवशी हातात पडला. तोवरची औषधं वॉर्डमधल्या सिस्टरांनी आपापसात वर्गणी काढून आणली. त्याचा फोटो कुणी काढला नाही.