बिब्बाही नैसर्गिकच असतो

त्वचेबद्दल सध्या आपल्याकडे तीन गोष्टी ठामपणे सांगितल्या जातात. झाडापासून आलेलं ते निर्धोक, कारखान्यातून आलेलं ते घातक. चेहऱ्यावर जे उमटतं ते पोटातून येतं, तेव्हा आधी रक्त शुद्ध करा. आणि ऊन घ्यायचंच तर सकाळचं कोवळं घ्या, बाकीच्या उन्हापासून तोंड लपवा. रविवारच्या पुरवण्या, नातेवाइकांचे व्हॉट्सअॅप ग्रुप, सौंदर्यतज्ज्ञांच्या रील्स, सगळीकडे हाच पाठ. तिन्हींत थोडं थोडं तथ्य आहे, आणि तेवढ्याच तथ्याच्या जोरावर उरलेला माल खपतो. म्हणून या तिघांना सरसकट खोटं म्हणून भागत नाही.

पहिलं सूत्र आधी घेऊ, कारण सगळ्यात जास्त पैसा त्यात आहे.

बिब्बा कुठल्याही कारखान्यात तयार होत नाही. तो झाडाला लागतो. त्याच्या काळ्या तेलाने परीट कपड्यांवर न पुसणारी खूण करत, आणि तेच तेल अंगाला लागलं की फोड उठतात. बिब्बा उततो हे जुन्या घरांतल्या म्हाताऱ्यांना सांगावं लागत नाही. त्याचा भाऊबंद काजू. काजूच्या कारखान्यांत बिया फोडणाऱ्या बायकांचे हात टरफलातल्या तेलाने काळे पडतात, सोलवटतात. त्या हातांना राख किंवा तेल चोळून कामाला बसतात. तिसरा भाऊबंद आंबा. देठाचा चीक ओठाला लागल्यावर काय होतं ते मे महिन्यात कुठल्याही पोराला विचारा. तिघेही एकाच वनस्पतिकुळातले, तिघेही शंभर टक्के नैसर्गिक.

काळे डाग जावेत म्हणून चेहऱ्यावर लिंबू चोळायला सांगतात. लिंबाचा रस त्वचेच्या मानाने कितीतरी आम्ल असतो, हा त्रास झालाच. पण लिंबाच्या सालीत फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात, आणि ती अंगावर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजते व मागे काही महिने टिकणारा काळा डाग ठेवते. म्हणजे डाग घालवायला गेलेली मुलगी डाग घेऊन परतते. याच जातीचं सोरॅलेन बावचीच्या बियांत आहे. कोडावर बावची लावून उन्हात बसवण्याचा जुना उपचार त्याच्यावरच आधारलेला आहे. आधुनिक वैद्यकाने ते द्रव्य वेगळं काढलं, मात्रा ठरवली, प्रकाश मोजून द्यायला सुरुवात केली. औषध तेच. फरक मोजमापाचा आहे, आणि माझ्या मते सगळा फरक तोच आहे.

आता दुसऱ्या बाजूचं भय पाहा. बाटल्यांवर ‘पॅराबेन-फ्री’ असं मोठ्या अभिमानाने छापतात. पॅराबेन म्हणजे क्रीममध्ये बुरशी आणि जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं, अनेक दशकं वापरात असलेलं द्रव्य. २००४ साली इंग्लंडमधल्या एका अभ्यासात स्तनाच्या २० गाठींमध्ये पॅराबेनचे अंश सापडले. निरोगी ऊतींशी तुलना त्या अभ्यासात नव्हती, तरी बातमी जगभर गेली. कंपन्यांनी घाईघाईने पॅराबेन काढलं. पण पाणी असलेल्या क्रीममध्ये जंतुरोधक काहीतरी घालावंच लागतं. अनेकांनी मेथिलआयसोथायाझोलिनोन घातलं. मग युरोपात या द्रव्याच्या अॅलर्जीची साथच आली. अमेरिकेतल्या स्पर्शजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली त्याला ‘वर्षाचा अॅलर्जीकारक पदार्थ’ ठरवलं, आणि २०१७ पासून युरोपीय संघाने अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली. त्याच संघटनेने २०१९ साली पॅराबेनला ‘अॅलर्जी न करणारा पदार्थ’ म्हणून मुद्दाम गौरवलं. लोकांच्या भीतीने एक जवळपास निरुपद्रवी वस्तू बाहेर काढली आणि तिच्या जागी खाज आणून बसवली.

याचा अर्थ कारखान्यातलं सगळं गुणाचं, असं मी म्हणत नाही. टिकलीच्या गोंदातल्या पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल या रसायनामुळे कपाळावर नेमका टिकलीएवढा पांढरा डाग पडतो, हे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी कधीच दाखवून दिलं आहे. उजळपणाच्या काही क्रीम्समध्ये पारा असतो. मेलॅनिन बनवणाऱ्या विकराला तो अडवतो, त्यामुळे चेहरा खरोखर उजळतो. तोच पारा त्वचेतून आत जाऊन मूत्रपिंड बिघडवतो. केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या अशा रुग्णांची नोंद केली. मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ जण, त्यांतल्या १५ जणांत नेल-१ हे प्रथिन सापडलं, आणि त्या १५ पैकी १३ जण उजळपणाची क्रीम लावत होते. आपल्या २०२०च्या प्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडली तर नकळत आलेला पारा दशलक्षात एक भागापेक्षा जास्त चालत नाही. पण ही डबी बिनलेबलाची असते आणि ‘आयुर्वेदिक आहे’ या एका शब्दावर विकली जाते. नियमाला तिचा पत्ताच नसतो.

पण माझा खरा राग पाऱ्यावरही नाही. तो औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या छोट्या ट्यूबवर आहे. १९७५ साली क्लिगमन या अमेरिकन त्वचातज्ज्ञाने वांगासाठी तीन द्रव्यांचं मिश्रण सुचवलं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. थोडे आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, फक्त डागांवर. आपल्याकडे त्याच कल्पनेची वंशावळ गोरेपणाची रोजची क्रीम होऊन बसली. पहिले पंधरा दिवस चेहरा तुकतुकीत. सहा महिन्यांनी त्वचा पातळ, गाल लाल, उन्हात गेलं की आग, गालावर लव, आणि क्रीम थांबवली की सगळं दुपटीने उसळतं, म्हणून पुन्हा तीच क्रीम. त्वचारोगतज्ज्ञांनी याला स्वतंत्र आजार म्हणून नाव दिलं. नायट्याचीही तीच कथा. खाज थांबवायला स्टेरॉइड, बुरशी मारायला अर्धवट औषध, दोन्ही एकाच ट्यूबमध्ये. खाज थांबते, बुरशी आतल्या आत पसरते. तीन-चार वेगवेगळे डॉक्टर करूनही न हटणाऱ्या नायट्यांमागची एक बुरशी २०२० साली वेगळी ओळखली गेली आणि तिचं नाव पडलं ट्रायकोफायटन इंडोटिनी. टर्बिनाफिनसारखं हुकमी औषध तिच्यावर अनेकदा चालत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने अशा स्टेरॉइड मलमांना चिठ्ठी सक्तीची केली. तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मागून पाहा, चिठ्ठी विचारतात का.

हे आटोपलं की पोटाकडे वळू.

‘रक्त बिघडलंय’ हे निदान ऐकायला सोपं, म्हणून ते टिकून आहे. मासे आणि दूध एकत्र खाल्लं म्हणून कोड आलं, असं सांगून कित्येक बायकांना घरच्यांनी गुन्हेगार ठरवलं. चरकसंहितेत दूध-मासे हा विरुद्ध आहार मानला आहे हे खरं. पण कोडात स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने रंगपेशींवर हल्ला केलेला असतो, आणि त्याचा एका जेवणाशी संबंध कुणी दाखवलेला नाही. युरोपात मासे दुधात शिजवून खाणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्यात काही कोडाची साथ नाही.

मग डॉक्टर मंडळींनी उलटं टोक गाठलं: खाण्याचा आणि मुरुमांचा काही संबंध नाही. कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत हेच होतं, आणि त्याच्या मुळाशी १९६९चा एक अमेरिकी अभ्यास आहे. ६५ जणांना चॉकलेट आणि नकली चॉकलेट आलटून पालटून खायला दिलं. मुरुमांत फरक पडला नाही. निष्कर्ष, चॉकलेट निर्दोष. पण नकली वडीत साखर आणि चरबी जवळजवळ तेवढीच होती! दोन्हीकडे तेच घालून फरक शोधायचा, आणि सापडला नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकायचा. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १५ ते २५ वयाच्या ४३ मुलांवर बारा आठवड्यांचा प्रयोग केला. रक्तातली साखर झपाट्याने न चढवणारा आहार घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावरचे मुरुम सरासरी साडेतेवीसने कमी झाले, नेहमीचं खाणाऱ्यांचे बाराने. त्या मुलांचं वजनही उतरलं होतं, तेव्हा श्रेय नेमकं कशाला द्यायचं हा प्रश्न उरतोच. तरी ‘काही संबंध नाही’ हे वाक्य त्यानंतर टिकत नाही. साखर चढली की इन्सुलिन चढतं, त्याबरोबर तेलग्रंथींना चाळवणारे संदेश वाढतात, ही साखळी आज बरीच उलगडलेली आहे. जिममध्ये जाणाऱ्या पोराला पाठभर मुरुम आले तर त्याचं फेसवॉश बदलण्याआधी व्हे प्रोटीनचा डबा पाहावा, असं मी म्हणेन. गोड चहा-बिस्किटांवर दिवस काढणाऱ्या मुलीला ‘तळलेलं सोड’ सांगणं मात्र व्यर्थ आहे. साखर तिथंच राहते.

आहार आणि त्वचा यांचं नातं सगळ्यात उघडं दिसतं ते मुरुमांत नव्हे, पेलाग्रात. आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हैदराबादच्या संस्थेत सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या सुमारास दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरीब शेतमजुरांत हा रोग पाहिला. मानेभोवती हारासारखा गडद, खरखरीत पट्टा, हातांवर, पायांवर तसेच डाग. नायसिन या जीवनसत्त्वाची ती कमतरता. ज्वारीतल्या ल्युसिनला त्यांनी दोष दिला. त्यावर पुढे वाद झाले. ज्वारीची भाकरी डाळ, भाजी, थोडं दूध यांच्यासोबत खाणाऱ्याला पेलाग्रा होत नाही. वर्षानुवर्षं फक्त भाकरी-मिरचीवर राबणाऱ्याला होत असे. आणि डाग कुठे पडत? नेमके उघड्या अंगावर, जिथे ऊन लागे. पोटातली उणीव आणि डोक्यावरचा सूर्य, दोन्ही मिळून त्वचेवर लिहीत होते. त्यात एकट्या अन्नाला किंवा एकट्या उन्हाला दोषी ठरवता येत नाही.

याच नायसिनचा सख्खा भाऊ नायसिनामाइड आज सीरमच्या बाटलीत मिरवतो आहे. १९७५ साली भारतात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चं मुख्य द्रव्य तेच, २०२० साली नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झालं, द्रव्य तसंच राहिलं. रंगद्रव्याच्या पुड्या रंगपेशींकडून वरच्या पेशींकडे जातात ती वाहतूक ते थोडी मंदावतं. दोन ते पाच टक्के प्रमाणावर चाचण्या झाल्या आहेत. परिणाम खरा, पण माफक, आणि काही महिन्यांनी दिसणारा. दहा टक्क्यांची बाटली दुप्पट गुण देते असं नाही. चुरचुर मात्र वाढू शकते. जे द्रव्य शेतमजुराच्या ताटात नव्हतं म्हणून त्याची मान काळवंडली, तेच शहरात तीस मिलीलिटरला शेकड्यांनी रुपये घेऊन विकलं जातं. जाहिरातदाराने हे वाक्य कधी लिहिलेलं नाही.

कोवळ्या उन्हाचं काय? डॉक्टरकडून ‘ड जीवनसत्त्व कमी’ असा कागद आणलेले गृहस्थ सकाळी सातला बाल्कनीत उभे राहतात. भल्या पहाटे उठल्याचं समाधान मिळतं, जीवनसत्त्व जवळजवळ नाही. त्वचेतल्या ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉलचं ड जीवनसत्त्वात रूपांतर करणारे अतिनील-ब किरण तिरप्या उन्हात वातावरणातच अडकतात. साधी खूण अशी की तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लहान असेल तेव्हाच ते किरण पुरेसे येतात. पुण्यात डिसेंबरातही भर दुपारी सूर्य ४५ अंशांच्या वर असतो, म्हणजे वर्षभर दुपारी ही खूण जमते. सकाळी सातला कधीच नाही. आणि काचेच्या बंद खिडकीत बसणं तर दोन्हीकडून तोटा: काच अतिनील-ब अडवते आणि त्वचा सुरकुतवणारे अतिनील-अ बऱ्याच अंशी आत सोडते. शिवाय गडद त्वचेतलं मेलॅनिन स्वतःच ते किरण गाळतं, त्यामुळे तिला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो. थोडा वेळ, हात-पाय उघडे, दुपारच्या आसपास, चेहऱ्याला टोपी. ज्यांना वांग आहे किंवा ऊन सोसत नाही त्यांनी गोळी घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

सनस्क्रीनच्या बाबतीतही गोऱ्या देशांचा सल्ला जसाच्या तसा उचलला गेला आहे. त्वचेचा कर्करोग आपल्यात तुलनेने खूप कमी. आपला रोजचा त्रास वांग आणि काळे डाग. सावळ्या त्वचेत ते नुसत्या अतिनील किरणांनी नव्हे, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात, आणि तो प्रकाश बहुतेक सनस्क्रीन अडवत नाहीत. अडवतं ते लोह ऑक्साइड मिसळलेलं, थोडं तपकिरी दिसणारं मलम. एसपीएफ ३० म्हणजे अतिनील-ब पैकी सुमारे ९७ टक्के अडले, ५० म्हणजे ९८. हा आकडा दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम थर लावून काढलेला असतो, आणि आपण त्याच्या निम्माही लावत नाही. तेव्हा पन्नासच्या बाटलीवर जादा पैसे घालवण्यापेक्षा तीसची नीट, भरपूर लावलेली बरी. भाजीच्या गाड्यावर दिवसभर बसणारीने तोंडावर ओढणी घट्ट गुंडाळलेली असेल, तर दोन तासांनी विरून जाणाऱ्या क्रीमपेक्षा तो कपडा खात्रीचा.

पण बाटलीत काय आहे हे कळणार कसं? प्रसाधनांच्या वेष्टनावर घटकांची यादी छापणं कायद्याने बंधनकारक आहे. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने. पण ६० मिलीलिटरहून कमी द्रव किंवा ३० ग्रॅमहून कमी घन पदार्थाच्या पाकिटाला यातून सूट आहे. म्हणजे दुकानाच्या दारात लटकणाऱ्या दहा रुपयांच्या पुड्यांना ती लागू पडते. जी बाई मोठी बाटली घेऊ शकते तिला आत काय आहे ते वाचता येतं. पुडी घेणारीला नाही. वेष्टनावर जागा नाही, हे कारण सांगतात. त्याच वेष्टनावर नटीच्या गालाला मात्र अर्धी जागा सापडते.